पंचफुलाबाईचा विनय

पंचफुला तायडेच्या तोंडाला लागू नये, हे वडनेर भोलजीच्या आसपासच्या पाच खेड्यांतल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. चौदा बायांची टोळी ती चालवते. पऱ्हाटीचं निंदण असो, सोयाबीनची सोंगणी असो की कापसाची वेचणी, शेतवाल्यानं आधी पंचफुलाला विचारायचं. बाया किती येतील, किती वाजता सुटतील, प्यायला पाणी कुठलं, टेकायला सावली आहे का, ही सगळी बोलणी तीच करते आणि करताना समोर कोण उभा आहे याचा मुलाहिजा ठेवत नाही. एका बहाद्दरानं बायांना फवारणीच्या ड्रममधलं पाणी प्यायला ठेवलं होतं. पंचफुलानं तो ड्रम त्याच्याच मोटारसायकलवर उपडा केला आणि त्याच्या सात पिढ्यांचा असा उद्धार केला, की शेजारच्या वावरातली माणसं काम सोडून धुऱ्यावर येऊन उभी राहिली. दुसऱ्या दिवशी त्या वावरात पाण्याची नवी कोरी कॅन आली.

घरी नवरा किसनराव. दम्याचा माणूस. बोलायला लागला की खोकला येतो, म्हणून त्यानं बोलणंच सोडून दिलं आहे. घरात एकाला बोलता आलं म्हणजे झालं, असं त्याचं म्हणणं, आणि तेही तो हातानंच सांगतो. पंचफुलाचा भाऊ वारला तेव्हा त्याची पोरगी पायल नऊ वर्षांची होती. तिला पंचफुलानं उचलून आपल्या घरी आणलं आणि वाढवलं. पायल तालुक्याला नर्सिंग शिकत होती. आत्या सातवीपर्यंतच शिकलेली, पण पेपर रोज वाचणार, तोही पहिल्या पानापासून निधनवार्तांपर्यंत, आणि न पटलेल्या बातमीला मोठ्यानं शिव्या घालत.

तिचं तोंड बंद राहायचं ते एकाच ठिकाणी, विहारात. वर्षावासाच्या तीन महिन्यांत तिथं रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. दिवसभर चिखलात बसून आखडलेलं अंग धुऊन, पांढरं पातळ नेसून ती दुसऱ्या ओळीत बसायची आणि ऐकायची. खरंच ऐकायची, इतरांसारख्या डुलक्या घेत नव्हती. एका वर्षावासात एक म्हातारे भन्ते आले आणि त्यांनी विनय म्हणजे काय ते समजावून सांगितलं. लोकांना वाटतं विनय म्हणजे खाली मान घालून गोड बोलणं. तसं नाही, म्हणाले. विनय म्हणजे माणसानं स्वतःच्या वागण्याला स्वतः घातलेला बांध. तो दुसऱ्या कुणाला फोडता येत नाही. कुणी तुम्हाला शिवी दिली, ढकललं, मारलं, तरी तुमचा विनय जागच्या जागी असतो. तो फुटतो तुमच्याच करणीनं, तुमच्याच वाचेनं.

पंचफुलाला हे इतकं पटलं की दुसऱ्या दिवशी निंदताना तिनं चौदाही बायांना ते ऐकवलं. एकीनं विचारलं, मग तुझ्या शिव्यांचं काय? तर म्हणाली, शिवी खरी असली की विनय मोडत नाही. भन्ते असं काही म्हणाले नव्हते, ही तिची आपली पदरची भर.

भन्ते बोलत होते तेव्हा त्यांच्यापुढं माईक धरून बसला होता प्रेमानंद.

हा प्रेमानंद म्हणजे विहार समितीचा सचिव. आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ, म्हणून ग्रंथवाचन त्याच्याकडं. पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं. त्याची एक छोटा हत्ती गाडी होती. सकाळी तीच बायांच्या टोळ्या वावरात सोडायची आणि मग कॉलेजच्या पोरी घेऊन तालुक्याला जायची. गावात एसटी येते अकराला, म्हणजे शिकणाऱ्याच्या काही कामाची नाही. तेव्हा प्रेमानंदशिवाय गावाला गत नव्हती आणि ते त्याला पक्कं ठाऊक होतं. पोरींना तो पुढं केबिनमध्ये बसवायचा. मागं धूळ लागते, म्हणायचा. गिअर टाकताना त्याचा हात कुठं कुठं जातो ते प्रत्येक पोरीला माहीत होतं आणि एकही पोरगी सांगत नव्हती. कारण सांगितलं तर शिक्षण बंद होणार ते पोरीचं, त्याची गाडी काही बंद होणार नव्हती. केवढी सोय ही हरामखोराची!

पायलनं मात्र एक दिवस सांगितलं. दोन हजार चोवीसचा ऑगस्ट होता. पंचफुलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी लागली तेव्हा चौदा बाया, चहावाला आणि गाडीत चढणाऱ्या पोरी या सगळ्यांदेखत तिनं प्रेमानंदची कॉलर धरली. काय काय म्हणाली ते इथं लिहिण्यासारखं नाही. सगळं खरं होतं एवढंच सांगतो. प्रेमानंदनं सदरा नीट केला आणि गाडी चालू केली.

तिसऱ्या दिवशी दुपारी, सकाळी गाडीतच राहिलेले जेवणाचे डबे आणायला पंचफुला वावरातून, तालुक्याहून परतून रस्त्यावर उभ्या असलेल्या गाडीकडं गेली. बाया तिकडं पऱ्हाटीच्या आतल्या तासांत निंदत होत्या. प्रेमानंद गाडीच्या मागं उभाच होता. त्यानं तिचा हात धरून पाठीमागं पिरगाळला, तिला फाळक्यावर दाबलं, पदर ओढला आणि दुसरा हात नको तिथं घातला. कानाशी तोंड नेऊन म्हणाला, "लय तोंड चालते ना तुहं? आता बोल." पंचफुला बोलली नाही. तिच्या मोकळ्या हातात खुरपं होतं. त्याची मूठ तिनं त्याच्या नाकावर अशी हाणली की रक्ताची धार लागली. तिच्या बांगड्या फुटून काचा मनगटात घुसल्या होत्या. ओरडा ऐकून बाया धावत आल्या तेव्हा तो गाडी घेऊन पळाला होता.

पोलीस ठाण्यात त्या दिवशी कामावर असलेला अंमलदार तसा बरा माणूस होता. त्यानं पाणी दिलं, हाताला पट्टी बांधून आणली, मग कॉम्प्युटरवर फिर्याद लिहून घेतली. प्रेमानंदही बौद्धच, तेव्हा अॅट्रॉसिटीचा प्रश्न नव्हता. कलम एकच लागणार होतं. अंमलदारानं सवयीनं ३५४ टाकलं, जीभ चावली, ते पुसलं आणि भिंतीकडं बघितलं. भिंतीवर तक्ता चिकटवला होता, जुन्या कायद्याचे नंबर एका बाजूला आणि नव्याचे दुसऱ्या बाजूला. महिना-सव्वा महिना झाला होता नवा कायदा लागू होऊन. सगळं ठाणं त्या तक्त्यासमोर माना वर करून उभं असायचं. ३५४ चं झालं होतं ७४.

मग त्यानं फिर्याद वाचून दाखवली. बाकी सगळं तिनं सांगितलं तसंच होतं. शेवटी मात्र एक वाक्य आलं, जे तिनं सांगितलंच नव्हतं: फिर्यादीच्या मनास लज्जा उत्पन्न होईल असे वर्तन करून आरोपीने तिचा विनयभंग केला.

पंचफुला म्हणाली, हे खोडा. मला लाज वाटली नाही. मला राग आला, अजूनही येतोय. लाज त्यानं सोडली तर ती माझ्या मनात कुठून उत्पन्न झाली? आणि विनय माझा का भंगला? मी काय केलं? मी तर त्याचं नाक फोडलं. अंमलदार आधी हसला, मग तिचं तोंड बघून खुर्चीत सावरून बसला. त्यानं समजावलं, ताई, ही भाषा माझी नाही, कायद्याची आहे. हे वाक्य टाकलं नाही तर कलमच लागत नाही. आजवर एवढ्या बायांच्या फिर्यादी लिहिल्या, सगळ्यांत हेच वाक्य आहे. पंचफुलानं त्या सगळ्या बायांचा विचार केला आणि तिला जास्तच संताप आला. पण पायल बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती आणि पट्टीतून रक्त यायला लागलं होतं. तिनं सही केली.

आठव्या दिवशी प्रेमानंद जामिनावर बाहेर आला. विहार समितीची माणसं पंचफुलाच्या घरी आली. समाजाची बदनामी होते, आपसात मिटवा, म्हणाली. पंचफुलानं त्यांना चहा दिला आणि चहाबरोबर जे ऐकवलं त्यानं त्यांचा चहा निम्मा राहिला. मग समितीनं ठरवलं की कोर्ट काय म्हणेल ते बघू. कोर्टानं दोषी ठरवलं तर त्याला समितीतून काढू आणि गावाची खेप दुसऱ्याच्या गाडीला देऊ. तोवर तो निर्दोषच. म्हणजे तोवर गाडी त्याची आणि ग्रंथवाचनही त्याचंच. पायलचं नर्सिंग सुटलं. ती घरात बसली, भाकरी थापू लागली. पंचफुलानं विहारात जाणं सोडलं, कारण त्या तोंडून तिला धम्म ऐकायचा नव्हता. दुष्टानं तिच्या कानांना मिळणारी तेवढी एक शांतताही हिसकून घेतली.

असं दीड वर्ष गेलं. साक्षीची तारीख लागली तेव्हा सरकारी वकील मंजुश्री मॅडमनी तिला आठवडाभर आधी बोलावून घेतलं. तिशीतली बाई, टेबलावर फायलींचा ढीग, बोलणं नीट. साधी गोष्ट आहे, म्हणाल्या. काय घडलं ते सांगा आणि शेवटी म्हणा, त्यानं माझा विनयभंग केला. चार शब्द.

पंचफुलानं विचारलं, हा शब्द आणला कुणी? बुद्धानं तर असा आणला नव्हता.

मंजुश्री मॅडमना असं कुणी कधी विचारलं नव्हतं. त्यांनी फाईल बंद केली आणि सांगितलं. जुना कायदा इंग्रज साहेबांनी कलकत्त्यात बसून लिहायला घेतला, त्याला आता दोनशे वर्षं होत आली. मंजूर झाला अठराशे साठ साली. साहेबांना त्यांच्या मडमांचा एक शब्द माहीत होता, मॉडेस्टी. म्हणजे बाईची लाज, शालीनता, नजर खाली ठेवणं, सगळं त्यात आलं. पुढं कुणीतरी त्याचं मराठी करताना विनय लिहिलं. तेच चाललं. आता नवा कायदा आला, साहेबाचा कायदा गेला, पण हे वाक्य तसंच आलं. नंबर तेवढा बदलला.

म्हणजे बघा! हा देश सोडून साहेब गेला त्याला पाऊणशे वर्षं झाली. नव्या कायद्याचे ढोल वाजले. ठाण्याठाण्यात तक्ते चिकटले. आणि कलमाच्या आत उघडून बघावं तर तोच साहेब खुर्चीत बसलेला, शेजारी त्याची मडम, आणि मडमेची लाज मोजायची तीच फूटपट्टी, जिच्यानं आता पंचफुला तायडेला मोजायचं. पंचफुलानं विचारलं की त्या साहेबानं निंदणाऱ्या बाया पाहिल्या होत्या का. वऱ्हाड तेव्हा कागदावर निजामाचं होतं आणि हुकूम इंग्रजाचा चालायचा. इथल्या बाया तेव्हाही वावरातच असतील. एकीला तरी त्यानं विचारलं होतं का, की बाई, तुझ्या अंगाला कुणी हात लावला तर तुझं काय मोडतं?

"अन् गड्यायले इनय असते का नाही कायद्यात?"

मंजुश्री मॅडम म्हणाल्या, या कलमात फक्त बाईचाच असतो.

"म्हन्जे ज्यानं मोडला, त्याच्याजवळ तो नोयताच. अन् जिचा शाबूत हाय, तिचा मोडला म्हनून लिवाचं. वा रे कायदा."

ती म्हणाली, मी सगळं सांगीन. हात कुठं घातला ते सांगीन, जे किसनरावला सांगितलं नाही तेही भर कोर्टात सांगीन. पण माझा विनय भंगला असं सांगणार नाही, कारण तसं झालेलं नाही आणि न झालेली गोष्ट मी साक्षीत सांगत नसते. मंजुश्री मॅडमनी थोडा विचार केला. कायद्याप्रमाणं कृत्य सांगितलं तरी पुरे, ते विनयभंगात बसतं की नाही हे कोर्टानं ठरवायचं, असं त्या म्हणाल्या. बरं, मी तो शब्द विचारणार नाही, तुम्हीही काढू नका. पंचफुलानं कबूल केलं. दोघींचं इथं जमलं.

तारखेच्या दिवशी दोघी आत्या-भाची दुसऱ्या गावापर्यंत चालत जाऊन तिथून काळीपिवळीनं तालुक्याला गेल्या. पायल मागच्या बाकावर बसली. शिपायानं शपथ सांगितली, ईश्वराची शपथ घेऊन सांगते की. पंचफुला म्हणाली, ईश्वराची नाही घेणार. मग त्यानं दुसरी सांगितली, गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करते की खरे सांगेन, खोटे सांगणार नाही. ती तिनं स्पष्ट म्हटली, प्रत्येक शब्द तोलून.

मंजुश्री मॅडमनी एकेक विचारलं आणि तिनं एकेक सांगितलं. चार हातांवर प्रेमानंद उभा, पांढरा सदरा, हात बांधलेले. दारात दुसऱ्या केसची माणसं ताटकळत, तीही कान लावून. टाइप करणारा पोरगा मधेच थांबून विचारायचा, "छातीवर म्हणजे?" आणि तिला ते पुन्हा सांगावं लागायचं. तिनं पुन्हा सांगितलं. आवाज हलू दिला नाही. मनगटावरचे काचांचे वण तिनं हात वर करून जजसाहेबांना दाखवले. साहेबांनी मान हलवली. इथवर सगळं नीट झालं होतं.

मग आरोपीचा वकील उठला. पिकलेले केस, तोंडात साखर. आधी तिचं कौतुक केलं, टोळी चालवता म्हणे, फार कर्तबगार आहात. मग विचारलं, तुम्ही चारचौघांत शिव्या देता? देते, म्हणाली. पुरुषांनाही? कारण असलं तर देते. आरोपीची कॉलर धरली होती? धरली होती. नाक फोडलं? फोडलं. तो हसला. म्हणाला, साहेब, अशा बाईच्या विनयाबद्दल आपण बोलत आहोत. मंजुश्री मॅडमनी हरकत घेतली आणि जजसाहेबांनी त्याला पुढचा प्रश्न विचारायला सांगितलं. पंचफुलाच्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. साहेबाची फूटपट्टी निघाली होती. हिला विनय नाही, तर भंग कशाचा होणार, हा त्याचा हिशेब.

आणि मग त्यानं, खाली कागदाकडं बघत, रोज प्रत्येक केसमध्ये विचारतात तो शेवटचा प्रश्न विचारला. प्रत्येक साक्षीदार त्याला 'नाही, खरं आहे' हे ठरलेलंच उत्तर देतो आणि वकीलही ठरलेलंच उत्तर धरून खाली बसायला लागतो.

"आरोपीने तुमचा विनयभंग केला, हे म्हणणं खोटं आहे?"

"खोटंच हाय," पंचफुला म्हणाली. "माहा इनय कोनी भंगवला नाही. भंगला तो थ्याचा."

म्हातारा वकील बसता बसता पुन्हा उभा राहिला. साहेब, साक्षीदाराचं उत्तर नोंदवावं, प्रश्नापुरतं, म्हणाला. भंगला तो कुणाचा, हे प्रश्नात नव्हतं. जजसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. पंचफुलाला म्हणाले, बाई, विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्या. आणि टाइप करणाऱ्याला सांगितलं ते असं लिहिलं गेलं: आरोपीने माझा विनयभंग केला, हे म्हणणे खोटे आहे. पुढचं लिहिलंच नाही. तिचं अर्धं बोलणं कोर्टात राहिलं आणि अर्धं हवेत गेलं, आणि राहिलं ते नेमकं त्याच्या फायद्याचं. प्रेमानंदनं बांधलेले हात सोडले.

जेवणाची सुट्टी झाली. बाहेर चहाच्या टपरीमागं पंचफुलानं मंजुश्री मॅडमना जे बोलायचं ते बोलून घेतलं. माझं वाक्य तोडलं कुणी? कुणाच्या हुकुमानं तोडलं? मंजुश्री मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या की हे एक वाक्य घेऊन तो सुटेल. इथं नाही तर वरच्या कोर्टात सुटेल. फिर्यादीच म्हणते विनयभंग झाला नाही, तर आम्ही कुठं जायचं? पायल डबा मांडीवर घेऊन बसली होती. तिनं झाकण उघडलं नव्हतं.

मंजुश्री मॅडम म्हणाल्या, एक वाट आहे. सुट्टीनंतर मला फेरतपासणीत एक प्रश्न विचारता येतो. मी एवढंच विचारीन, की विनयभंग या शब्दाचा कायद्यातला अर्थ तुम्हाला माहीत आहे का. त्यांनी नजर दुसरीकडं वळवली. उत्तर काय द्यायचं ते मी सांगणार नाही, म्हणाल्या. मला ते सांगताही येत नाही.

पंचफुलाला कळायला वेळ लागला नाही. माहीत नाही म्हटलं, की झालं. अडाणी बाई, शब्द कळला नाही, म्हणून चुकून तसं बोलली. मग आधी सांगितलेलं सगळं खरं धरलं जाईल आणि प्रेमानंद आत जाईल. आणि माहीत आहे म्हटलं, तर तो संध्याकाळी विहारात माईकसमोर बसेल. ज्या मजलिशीत एकट्या तिलाच त्या शब्दाचा अर्थ कळला होता, साहेबाला नाही, वकिलाला नाही, कायदा करणाऱ्या कुण्या शहाण्याला नाही, तिथं तिनंच उभं राहून म्हणायचं की मला अर्थ कळत नाही. तेही प्रतिज्ञा घेऊन. तिचा संताप असा झाला की हातातला चहाचा कागदी कप चुरगळून चहा पदरावर सांडला.

पायल म्हणाली, "आत्या, तुले खरं वाटते तेच सांग. मी राहीन घरी. मले सवय झाली आता."

सवय झाली, म्हणाली पोरगी. एकोणीस वर्षांची होती तेव्हा कॉलेज सुटलं, आता विसावंही सरत आलं. पंचफुलानं तिच्याकडं बघितलं आणि मग बघवेना म्हणून चहावाल्याकडं बघितलं. आयुष्यभर तिनं खऱ्यासाठी भांडणं ओढवून घेतली होती. त्यापायी कामं गेली होती, नातेवाईक तुटले होते, पण शब्द खाली पडू दिला नव्हता. प्रेमानंदनं हात पिरगाळला तेव्हाही तिचं काही मोडलं नाही, हे ती भावनेच्या भरात म्हणत नव्हती. तसंच होतं ते.

सुट्टी संपली. पुन्हा पुकारा झाला. मंजुश्री मॅडम उठल्या आणि फाईलमध्ये बघत त्यांनी तो प्रश्न विचारला. म्हाताऱ्या वकिलानं हरकत घेतली, ती जजसाहेबांनी फेटाळली. मग ते पंचफुलाकडं वळले आणि, खरं सांगायचं तर, जरा मायेनंच म्हणाले, बाई, घाबरू नका, माहीत नसेल तर नाही म्हणा. तुमचं शिक्षण किती?

"सातवी," पंचफुला म्हणाली.

पंखा फिरत होता. टाइप करणारा पोरगा बोटं वर धरून थांबला होता. तिनं प्रेमानंदकडं बघितलं नाही. बोलली तेव्हा ती कोर्टात बोलतात तशी शुद्ध बोलली, कारण ते बोलणं तिला आपल्या भाषेत बोलायचं नव्हतं.

"नाही, साहेब. मला अर्थ माहीत नाही."

ते लिहिलं गेलं, पूर्ण, एकही शब्द न गाळता. पुढं त्यावरच निकाल लागला. फिर्यादी अल्पशिक्षित असल्याने तिला सदर संज्ञेचा बोध झाला नाही, असं निकालपत्रात छापून आलं आणि प्रेमानंदला वर्षाची सजा झाली. समितीनं त्याला काढलं. गावाची खेप देवानंद नावाच्या दुसऱ्या गाडीवाल्याला मिळाली आणि पायल पुन्हा तालुक्याला जाऊ लागली. मंजुश्री मॅडमच्या कामाचं कौतुक झालं. हे सगळं झालं, आणि चांगलं झालं.

पण त्या दिवशी साक्ष संपल्यावर, कोर्टाच्या व्हरांड्यात मंजुश्री मॅडम तिच्या मागं धावत आल्या. त्यांचे डोळे भरले होते. त्यांनी पंचफुलाचा हात धरला आणि म्हणाल्या, वाचवलंत तुम्ही, आता तो सुटत नाही. पंचफुलानं आपला हात सोडवून घेतला. पायल जवळ उभी होती म्हणून ती ओरडली नाही.

"आता लिवा, म्याडम," ती म्हणाली. "आता झाला माहा इनयभंग. थ्यानं नाही केला. दीड वर्साआंधी त्या गाडीमागं काहीच मोडलं नोयतं माहं. आता मोडलं, तुमच्या कोर्टात, माह्याच तोंडानं. याचं कोनतं कलम हाय तुमच्या कायद्यात? जुना नंबर सांगा नाही तं नवा सांगा."